मनोरंजन उपचारक

मनोरंजन उपचारक हा खेळ, संगीत, हस्तकला, बागकाम, वाचन, नाट्य, सहल अशा विरंगुळ्याच्या कृतींचा हेतुपुरस्सर उपयोग करून रुग्णाची शारीरिक, मानसिक आणि सामाजिक क्षमता वाढवणारा आरोग्यव्यावसायिक होय. रुग्णालये, मनोरुग्णालये, पुनर्वसन केंद्रे, व्यसनमुक्ती केंद्रे, वृद्धाश्रम व अपंगांच्या संस्था ही त्याची प्रमुख कार्यक्षेत्रे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय-वर्गीकरणात (आयएससीओ-०८) त्याचा समावेश २२६९ या गटात होतो. भारतात 'राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१' या कायद्याच्या अनुसूचीत हालचाल-उपचारक या नोंदीखाली कला-उपचारक व नृत्य-उपचारक यांच्याबरोबर 'रिक्रिएशनल थेरपिस्ट' हे नाव आले आहे. प्रत्यक्षात मात्र महाराष्ट्रात हे काम बहुतेक ठिकाणी व्यवसायोपचारक, परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, शिक्षक आणि स्वयंसेवक इतर नावांनी करत आले आहेत.

संज्ञा

'मनोरंजन' या शब्दातील 'रंज्' या संस्कृत धातूचा अर्थ रंगणे, रंगवणे, प्रसन्न करणे असा आहे. आजच्या मराठीत मनोरंजन म्हटले की चित्रपट, दूरचित्रवाणी आणि तमाशा डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे 'मनोरंजन उपचारक' ही संज्ञा ऐकणाऱ्यास रुग्णांना हसवणारा कलावंत असा अर्थ प्रथम सुचतो. काही लेखक म्हणून 'रंजनोपचार' किंवा 'विरंगुळा उपचार' असे पर्याय वापरतात. इंग्रजीतील मूळ शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ पुन्हा निर्माण करणे, ताजेतवाने करणे असा असून तो मराठी रूपात उतरत नाही.

या विषयाला अधिक जवळचा शब्द 'करमणूक' हा आहे. तो 'करमणे' या क्रियापदापासून आला. रुग्णालयात आठवडाभर पडून असलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा दुखण्याची नसते, ती 'करमत नाही' अशी असते. घरापासून, कामापासून आणि माणसांपासून तुटल्यावर वेळ अंगावर येऊ लागतो, हा अनुभव या दोन शब्दांत नेमका आला आहे. मनोरंजन उपचारकाचे काम याच तक्रारीपासून सुरू होते; मात्र ती तात्पुरती दूर करण्यापाशी ते थांबत नाही.

करमणूक आणि उपचार यांतील भेद

वॉर्डात दूरचित्रवाणी संच लावणे, दिवाळीला फराळ वाटणे, गायकांचा कार्यक्रम ठेवणे या चांगल्या गोष्टी असल्या तरी त्या उपचार नव्हेत. उपचार म्हणवून घेण्यासाठी चार गोष्टी आवश्यक मानल्या जातात : रुग्णाचे वैयक्तिक मूल्यमापन, त्यावरून ठरवलेले उद्दिष्ट, त्या उद्दिष्टासाठी निवडलेली कृती आणि कृतीनंतर झालेल्या बदलाची नोंद. या चौकडीशिवाय केलेला कार्यक्रम कितीही रंगला तरी तो करमणूकच राहतो.

हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सागरगोटे खेळणे हा खेळ आहे. पक्षाघातानंतर ज्याची बोटे मिटत नाहीत अशा रुग्णास पहिल्या आठवड्यात मोठे गोटे उचलून वाटीत टाकायला देणे, पुढे ते लहान करणे, मग एक गोटा वर उडवून दुसरा उचलायला लावणे आणि दर वेळी किती गोटे पकडले ते लिहून ठेवणे हा उपचार आहे. दोन्ही ठिकाणी साधन तेच असते. वाटीत आदळणाऱ्या गोट्यांचा आवाज व मोजणीची चुरस यांमुळे रुग्ण जी हालचाल व्यायाम म्हणून दहा वेळा करण्यास कंटाळतो तीच पन्नास वेळा करतो, हे या पद्धतीचे बलस्थान होय.

शेजारच्या व्यवसायांपासूनही हे काम वेगळे आहे. भौतिकोपचारक स्नायू व सांधे यांच्या हालचालीकडे पाहतो. व्यवसायोपचारक अंघोळ, कपडे, स्वयंपाक, नोकरी अशा दैनंदिन व्यवहारांतील स्वावलंबनाकडे पाहतो. मनोरंजन उपचारकाचे लक्ष माणसाच्या मोकळ्या वेळेवर असते : तो वेळ रुग्ण कसा घालवतो, कोणाबरोबर घालवतो आणि आजाराने त्यातले काय हिरावले. सीमा अर्थातच धूसर आहेत. लहान रुग्णालयात एकच व्यक्ती तिन्ही कामे करते आणि रुग्णाला त्यात काही वावगे वाटत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फिलिप पिनेल आणि इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांना साखळदंडात न ठेवता माणुसकीने वागवण्याचा आग्रह धरला. ट्यूक यांनी १७९६ मध्ये यॉर्क येथे उघडलेल्या 'रिट्रीट' या संस्थेत बागेत फिरणे, हस्तव्यवसाय व वाचन यांना दिनक्रमात स्थान होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरील आपल्या १८५९ मधील पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण वैविध्याला दिले. एकाच भिंतीकडे पाहत राहण्याचा रुग्णाला होणारा त्रास, फुलांचे व रंगांचे महत्त्व आणि हाताला थोडे काम असण्याची गरज या गोष्टी त्यांनी त्यात मांडल्या.

विसाव्या शतकातील दोन महायुद्धांत जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतून रेडक्रॉसने मनोरंजन-सेवकांची नेमणूक केली आणि तेथून या कामाला व्यवसायाचे रूप येऊ लागले. अमेरिकेत प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये आणि व्यावसायिकांची संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली. तेथे पदवी, ठरावीक विषयांचे शिक्षण, किमान ५६० तासांची प्रत्यक्ष उमेदवारी व परीक्षा यांनंतर प्रमाणपत्र मिळते. काही राज्यांत शासकीय परवानाही लागतो.

महाराष्ट्रातील वाटचाल

महाराष्ट्रात या विचाराचा प्रवेश व्यवसायोपचाराच्या दाराने झाला. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. देशातील ते पहिले मानले जाते. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण उपलब्ध झाले. या अभ्यासक्रमांत खेळ व विरंगुळा यांचा विचार असला तरी तो एका मोठ्या विषयाचा एक भाग म्हणून येतो.

राज्यात नागपूर, ठाणे, पुणे (येरवडा) व रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी नागपूरचे रुग्णालय १८६४ मधील असून वऱ्हाडासह विदर्भातील रुग्ण तेथे पाठवले जातात. अशा रुग्णालयांतील जुन्या व्यवस्थेत 'काम' हाच उपचार मानला जाई. शेत, बाग, विणकाम, स्वयंपाकघर यांत रुग्ण राबत. त्याचा काहींना खरोखर लाभ झाला. पण उपचार कोठे संपतो आणि फुकटची मजुरी कोठे सुरू होते हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. 'मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७' याच्या कलम २० ने त्याचे उत्तर दोन बाजूंनी दिले आहे. मानसिक आरोग्य आस्थापनेत राहणाऱ्या प्रत्येकास विरंगुळा, मनोरंजन, शिक्षण व धर्माचरण यांसाठी वाजवी सोयी मिळण्याचा हक्क आहे. त्याचबरोबर काम करण्याची सक्ती न होण्याचा आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळण्याचाही हक्क आहे. मनोरंजन ही रुग्णालयाने दाखवलेली मेहेरबानी नसून रुग्णाचा अधिकार आहे, असे या कलमाचे सरळ तात्पर्य निघते. 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' याची कलमे २९ व ३० अनुक्रमे संस्कृती व मनोरंजन आणि क्रीडा यांविषयी आहेत.

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केले, त्यासाठी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य दिले होते. व्यसन सुटलेल्या माणसापुढे सर्वांत मोठा प्रश्न रिकाम्या झालेल्या संध्याकाळचा असतो. ज्या वेळेत तो गुत्त्यावर बसत असे ती वेळ आता कशाने भरायची? योगासने, गाणी, खेळ व गटचर्चा यांना अशा केंद्राच्या दिनक्रमात महत्त्व येते ते याच कारणाने. अनिल अवचट स्वतः बासरी, ओरिगामी व लाकडातील कोरीवकाम यांत रमत आणि छंदांविषयी त्यांनी विपुल लिहिले. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत कोलकाता संवेद या संस्थेच्या सहकार्याने नृत्य-हालचाल उपचाराचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला.

विदर्भात कुष्ठसेवेची परंपरा मोठी आहे. अमरावतीजवळचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन आणि वरोऱ्याचे बाबा आमटे यांचे आनंदवन या संस्थांनी रुग्णांना केवळ औषध न देता वसाहत, उद्योग व सामूहिक जीवन दिले. आनंदवनातील 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने उभा राहिला. त्यात कुष्ठमुक्त तसेच अंध व अपंग कलावंत रंगमंचावर येतात. ज्यांच्याकडे पाहणे लोक टाळत त्यांच्याकडे लोक तिकीट काढून पाहू लागले, हा बदल औषधाने घडणारा नव्हता. या संस्थांनी 'मनोरंजन उपचार' हा शब्द वापरला नाही. तरीही या विषयाच्या मराठी इतिहासात त्यांना वगळणे अशक्य आहे.

कार्यपद्धती

रुग्ण दाखल झाल्यावर किंवा वैद्याने पाठवल्यावर उपचारक प्रथम त्याच्याशी व नातलगांशी बोलतो. पूर्वी काय आवडे, आता काय जमते, काय जमत नाही, कशाची भीती वाटते, घरी कोण आहे, घरापुढे अंगण आहे की नाही अशी माहिती तो घेतो. त्यानंतर वैद्य, परिचारिका व इतर उपचारक यांच्याशी विचारविनिमय करून उद्दिष्ट ठरते. उद्दिष्ट मोजता येण्याजोगे असावे लागते. 'रुग्ण आनंदी राहील' हे उद्दिष्ट नव्हे. 'दोन आठवड्यांत रुग्ण गटात वीस मिनिटे बसेल व न विचारता किमान दोनदा बोलेल' हे उद्दिष्ट होय.

नोंदीचेही तसेच आहे. 'गाणी म्हटली, छान वाटले' या नोंदीचा पुढच्या पाळीच्या परिचारिकेला काही उपयोग नसतो. 'सकाळी दहा मिनिटे बसला. डाव्या हाताने खंजिरी धरली, दोनदा निसटली. शेजारच्या रुग्णाला ताल चुकल्याचे सांगितले' ही नोंद मात्र हात, लक्ष आणि संभाषण या तिन्ही गोष्टींविषयी काही सांगते. या व्यवसायात शिरणाऱ्यांना गाणे, चित्रकला व खेळ यांची आवड असते, लिहिण्याचा मात्र कंटाळा असतो. आणि केवळ नोंदी नसल्यामुळे त्यांचे काम इतरांच्या दृष्टीने 'टाइमपास' ठरते.

अमेरिकेतील पीटरसन व गन यांनी या सेवेचे तीन भाग मांडले. पहिल्यात कमकुवत क्षमता सुधारली जाते. दुसऱ्यात विरंगुळ्याचे शिक्षण दिले जाते, म्हणजे नवा छंद शिकणे, त्यासाठी साधने कोठे मिळतील ते कळणे, सोबती मिळवणे. तिसऱ्यात रुग्ण स्वतःच्या इच्छेने सहभागी होतो व उपचारक मागे सरतो. भारतीय रुग्णालयांत मुक्काम अल्प असल्याने पहिल्याच भागावर भर राहतो. दुसरा व तिसरा भाग घरी गेल्यावरचे आहेत आणि तेथे बहुधा कोणीच नसते.

आजारानुसार काळजी बदलते. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना गेलेली असते. चटका बसला किंवा सुई टोचली तरी कळत नाही. म्हणून जाड मुठीची अवजारे, बोथट साहित्य आणि कृतीनंतर तळहात निरखून पाहण्याची सवय आवश्यक असते. पक्षाघाताच्या काही रुग्णांचे एका बाजूकडे लक्षच जात नाही. पत्ते किंवा सोंगट्या मुद्दाम त्या बाजूस मांडल्यास त्यांची मान हळूहळू वळू लागते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची अस्वस्थता दिवस कलताना वाढते, तेव्हा ओळखीची गाणी व हाताला परिचित काम उपयोगी पडते. कर्करोगावरील औषधांमुळे मुलांची प्रतिकारशक्ती घटते. त्यांची खेळणी धुता येण्याजोगी हवीत. क्षयरोगात कार्यक्रम बंद खोलीत न घेता मोकळ्या हवेत घ्यावा लागतो. मधुमेही रुग्णांच्या गटात बक्षीस म्हणून पेढे वाटणारा उत्साही कार्यकर्ता अधूनमधून भेटतोच.

खिन्नतेच्या विकारात रुग्णाला काहीच करावेसे वाटत नाही. 'आधी बरे वाटू द्या, मग करू' असे तो म्हणतो. उपचाराची दिशा नेमकी उलटी असते : आधी लहानशी कृती, मग तिच्यामागून येणारे थोडे बरे वाटणे. मात्र येथे घाई किंवा सक्ती केल्यास अपयशाची भावना वाढते. रुग्णाचे 'नको' हे उत्तरही ग्राह्य मानावे, ही या व्यवसायाची मूलभूत शिस्त आहे.

ग्रामीण वऱ्हाडातील स्वरूप : पातूर परिसर

पातूर हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या मार्गावर, सुमारे ३० किलोमीटरवर, डोंगरपायथ्याशी वसले आहे. प्राचीन कोरीव लेणी, टेकडीवरील रेणुकामातेचे मंदिर आणि शेख बाबूंचा दर्गा ही त्याची ओळख. दर्ग्यामुळे जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव 'पातूर शेख बाबू' असे येते. येथील गंभीर रुग्णास अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालयात आणि दीर्घकाळच्या मनोविकारासाठी प्रसंगी नागपूरला न्यावे लागते. मोठ्या शहरातील पुनर्वसन केंद्र समोर ठेवून लिहिलेली पाठ्यपुस्तके अशा तालुक्यात कितपत लागू पडतात, हे पाहणे उद्बोधक आहे.

पहिली अडचण मूल्यमापनाच्या प्रश्नातच येते. परदेशी प्रश्नावलीत 'तुमचे छंद कोणते?' असा प्रश्न असतो. बाराव्या वर्षापासून शेतात राबलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. 'आमाले काय छंद असनार' असे म्हणून तो विषय संपवतो. त्यावरून त्याच्या आयुष्यात विरंगुळा नव्हता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. 'काम नसलं तं तुमी कुठी बसता, कोनापाशी बसता?' असे वऱ्हाडीत विचारले की पार, देऊळ, चहाची टपरी, बाजाराचा दिवस, बैलांची निगा, भजनी मंडळ अशी उत्तरे मिळू लागतात. स्त्रियांच्या बाबतीत तर काम आणि गाणे वेगळे नव्हतेच. जात्यावरची ओवी ही श्रमही होती आणि मन मोकळे करण्याची जागाही.

साधनांची मात्र या प्रदेशात वाण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी भजन वऱ्हाडात घरोघरी पोचले. खंजिरी हलकी, स्वस्त, एका हातात मावणारी आणि लगेच आवाज देणारी असल्याने हाताच्या उपचारासाठी ती सोयीची आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या खेळात टिपऱ्या, फेर, समूहगान आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखणे हे सर्व असते. डबा हलवून आवाज ऐकणे, वास घेणे, तर्क करणे आणि एकमेकींची थट्टा करणे यांतून वृद्ध स्त्रियांच्या स्मरणाला व संभाषणाला जी चालना मिळते ती बाजारातील महागड्या खेळसंचातून मिळेलच असे नाही. कवड्यांवर खेळला जाणारा चौसर मोजणी व नियोजन यांसाठी, आट्यापाट्या तोल व चपळाईसाठी उपयोगी पडतात. कापसाच्या वाती वळणे ही कापूसपट्ट्यातील प्रत्येक आजीला येणारी कृती बोटांच्या सूक्ष्म हालचालीचा उत्तम व्यायाम होय. त्या वाती संस्थेने विकून पैसे ठेवले तर मात्र तो उपचार राहत नाही, हे वर आलेल्या कलमाच्या संदर्भात लक्षात ठेवावे लागते.

व्यायाम व क्रीडा यांबाबत अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत आहे. शारीरिक शिक्षणात प्रशिक्षित मनुष्यबळ या भागात त्यामुळे उपलब्ध आहे. त्यांच्यापैकी किती जणांना रुग्णालयाची वाट दाखवली जाते, हा वेगळा प्रश्न.

गट बांधताना स्थानिक समाजाचे भान हवे. पातूरसारख्या मिश्र वस्तीच्या गावात केवळ भजनावर आधारलेला कार्यक्रम मुसलमान रुग्णाला परका वाटू शकतो, तर तालुक्यातील बंजारा व आदिवासी रुग्णांची गाणी निराळी असतात. हळदीकुंकवासारखा कार्यक्रम विधवा रुग्णाला बाजूला बसवतो. ज्या कार्यक्रमामुळे एखादी स्त्री आणखी एकटी पडते त्याला उपचार म्हणता येत नाही. पुरुषांसमोर टिपरी खेळण्यास सुना धजत नाहीत. ऋतूही विचारात घ्यावा लागतो. उन्हाळ्यात अकोला परिसरातील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा बाहेरच्या कृती सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतरच शक्य असतात. मृगाच्या पेरणीत आणि दिवाळीच्या आगेमागे कापूसवेचणीत घरातील माणसे रानात असतात. त्या काळात रुग्णाला केंद्रावर घेऊन येणारे कोणी नसते आणि गैरहजेरीला 'असहकार' असे नाव देणे अन्यायाचे होते.

समजा, या तालुक्यातील साठीचा एक शेतकरी पक्षाघातानंतर अकोल्याहून घरी परतला आहे. उजवा हात अर्धवट चालतो, शब्द अडखळतात. पूर्वी तो भजनात पखवाज वाजवीत असे. आता लोकांसमोर बोलणे फसेल या लाजेने ओट्यावरही येत नाही. अशा रुग्णासाठी 'पूर्ववत पखवाज वाजवणे' हे उद्दिष्ट ठेवल्यास दोघांचीही निराशा होईल. पहिल्या पंधरवड्यात घरातच नातवाबरोबर डाव्या हाताने टाळ धरणे, नंतर दोन जुन्या साथीदारांनी घरी येऊन अर्धा तास बसणे, सहाव्या आठवड्यात एकादशीच्या भजनाला देवळाच्या पायरीशी खुर्चीवर बसून ताल धरणे अशी चढण आखता येते. बोलताना अडखळणाऱ्या काही रुग्णांना पाठ असलेल्या गीताचे शब्द मात्र सहज येतात, ही वैद्यकशास्त्रात नोंदलेली गोष्ट येथे उपयोगी पडते. देवळाच्या पायऱ्यांना कठडा नसणे हा त्या आखणीतला सर्वांत मोठा अडथळा ठरू शकतो आणि तो दूर करण्यासाठी उपचारकाला ग्रामपंचायतीशी किंवा नगरपरिषदेशी बोलावे लागते.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' ही समुपदेशन सेवा सुरू केली. अकोला जिल्हा त्यात आहे. आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मानसिक ताणाची लक्षणे ओळखणे हा तिचा एक भाग आहे. माणसाने पारावर येणे सोडले, भजन सोडले, पोळ्याला बैल सजवण्यात लक्ष घातले नाही, ही खिन्नतेची लवकर दिसणारी चिन्हे असू शकतात. गावात ती शेजाऱ्याला आधी दिसतात, रुग्णालयाला फार उशिरा. मानसिक साहाय्यासाठी केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

परिणामकारकता

या क्षेत्रातील संशोधन विखुरलेले आहे. संगीतावर तुलनेने अधिक अभ्यास झाले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील संगीताधारित उपचारांचा कॉक्रेन आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार किमान पाच सत्रांनंतर खिन्नतेची लक्षणे व एकूण वर्तनसमस्या बहुधा कमी होतात; प्रक्षोभ किंवा आक्रमकता यांवर मात्र फरक आढळत नाही आणि आकलनशक्तीत फारशी सुधारणा होत नाही. हे निष्कर्ष दोन टोकांच्या समजुतींना आवर घालतात. 'गाण्याने स्मृती परत येते' हे खरे नाही. 'गाण्याने काय होते' हेही खरे नाही. एकाच कृतीत व्यायाम, सहवास व आनंद मिसळलेले असल्याने नेमका कशाचा परिणाम झाला हे वेगळे काढणे संशोधकांना कठीण जाते. मराठी भाषक रुग्णांवरील व स्थानिक खेळांवरील अभ्यास वाढण्यास मोठा वाव आहे.

शिक्षण, नेमणूक व अडचणी

व्यवसायोपचार, मानसशास्त्र, समाजकार्य, शारीरिक शिक्षण, विशेष शिक्षण किंवा परिचर्या यांतील पदवीधर महाराष्ट्रात या कामाकडे वळतात. नृत्य, नाट्य व कला या उपचारांचे अल्पमुदतीचे वर्ग महानगरांत चालतात. २०२१ च्या कायद्यात व्यवसायाचे नाव आले, त्यामुळे किमान पात्रता व नोंदणी यांची चौकट कायद्याने शक्य झाली. कागदावर नाव असणे आणि जिल्हा रुग्णालयाच्या आस्थापनेवर पद असणे यांत मात्र मोठे अंतर आहे. दोन-चार दिवसांच्या कार्यशाळेनंतर 'थेरपिस्ट' ही पाटी लावणाऱ्यांची संख्या वाढणे, हा त्या अंतराचा एक परिणाम होय. मनोविकाराच्या रुग्णाकडून जुन्या आघाताचे नाट्य करवून घेणे अप्रशिक्षित हातात धोक्याचे ठरू शकते. खऱ्या उपचारकाला आपल्या कृतीची मर्यादा आणि वैद्याकडे रुग्ण परत पाठवण्याची वेळ ठाऊक असते.

कामाचा ताणही कमी नसतो. इतरांना उत्साह देण्याचे काम रोज करताना स्वतःचा उत्साह आटतो. दीर्घ आजारात ज्याच्याबरोबर महिनोन्महिने चौसर मांडला त्या रुग्णाची खाट एके दिवशी रिकामी दिसते. सहकारी वैद्यांकडून 'तुमचे काय, खेळायचेच काम' हा शेरा ऐकावा लागतो. साहित्यासाठी स्वतंत्र तरतूद नसल्याने रंग, कागद, वाद्ये देणगीतून मिळवावी लागतात आणि देणगीदारास बहुधा छायाचित्र हवे असते. रुग्णाची, विशेषतः मनोरुग्णाची, संमती नसताना असे छायाचित्र प्रसिद्ध करणे हा त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २४ मध्ये मानसिक आरोग्य आस्थापनेतील व्यक्तीचे छायाचित्र किंवा तिच्याविषयीची माहिती तिच्या संमतीवाचून माध्यमांना देण्यास मनाई आहे.